सुटलेल्या चाळीस पुड्या

विमल पगारेने जी चूक केली ती करायला निदान एम.एस्सी. असावं लागतं, असं सातपूरच्या त्या कारखान्यात पुढे बरेच दिवस बोललं जात होतं. कमी शिकलेल्या माणसाला ती जमलीच नसती. त्याने पुड्या पाहिल्या असत्या, ‘सहादूमामाच्या दिसतात’ म्हणून तशाच कपाटात ठेवल्या असत्या आणि चहाला गेला असता.

कारखाना छोटाच, पण काम नाजूक. डिझेल इंजिनाच्या पंपात बसणारे प्लंजर आणि बॅरल तिथे तयार होत. प्लंजर म्हणजे पेन्सिलीएवढी जाड, आरशासारखी गुळगुळीत पोलादी दांडी. बॅरल म्हणजे तिचं घर, आरपार भोक पाडलेली जाड नळी. दांडी नळीत अशी बसली पाहिजे की मधून डिझेल गळू नये आणि दांडी अडकूही नये. ही मधली जागा दोन ते तीन मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा एक केस उभा चिरून त्याचे तीस पदर काढले, तर त्यातल्या एका पदराएवढी.

ते साल सत्याऐंशी, महिना मे. विमल सहा महिन्यांपासून गेज रूममध्ये, म्हणजे माप तपासायच्या खोलीत, नोकरीला होती. कारखान्यात वातानुकूलित अशी ती एकच खोली. बारा महिने वीस अंश. पोलाद तापलं की फुगतं, म्हणून ही चैन पोलादासाठी होती. पण मे महिन्यात निम्म्या कारखान्याला अचानक काहीतरी मोजून हवं असायचं. “मॅडम, हा बोल्ट जरा बघा ना,” म्हणत माणसं यायची आणि बोल्टाचं माप ऐकून घेईपर्यंत शर्टाची वरची दोन बटणं सोडून उभी राहायची.

विमलचं खरं लक्ष मात्र पुण्याकडे होतं. प्रकाशाने अतिसूक्ष्म मापं कशी घ्यायची यावर काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेत संशोधक विद्यार्थ्याची एक जागा होती. तीन वर्षांत तिने नऊ अर्ज केले होते आणि मुलाखतीचं बोलावणं हे पहिलंच. शनिवारी दुपारी दोन वाजता. फोरमन गोरक्ष सानप यांनी तिची शनिवारची रजा मंजूर केली होती, तीही हसत. माणूस तसा हसरा नव्हता.

सोमवारी सकाळी तिच्या टेबलावर चाळीस पुड्या आल्या. बटर पेपरात गुंडाळलेल्या, दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या. हाताने घासाई करणारे सहादू अहिरे भाचीच्या लग्नाला नामपूरला गेले होते आणि जाण्याआधी हा लॉट तयार करून गेले होते. आजवर त्यांचा माल तपासताना ते स्वतः शेजारी उभे असत, त्यामुळे पुड्यांचं काय करायचं हे तिला कोणी सांगायची वेळ आली नव्हती.

विमलने पुड्या सोडल्या. प्रत्येकीत एक बॅरल आणि त्यात एक प्लंजर. तिने प्लंजर काढले, सगळं स्वच्छ धुतलं आणि एकेक मोजायला घेतलं. दोन दिवस ती जेवणाची सुट्टी सोडून जागची हलली नाही. बुधवारी दुपारी रिपोर्ट घेऊन ती गोरक्षांसमोर उभी राहिली.

“लॉट फार विस्कळीत आहे, साहेब,” ती म्हणाली. “सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत बारीक प्लंजरमध्ये पंधरा मायक्रॉनचा फरक आहे. बॅरलचंही तेच. मी सगळे चढत्या क्रमाने लावून ठेवलेत.”

“कशाच्या क्रमाने?”

“व्यासाच्या. प्लंजर एका ट्रेमध्ये, बॅरल दुसऱ्या.”

गोरक्ष उठून गेज रूममध्ये आले. दोन ट्रे पाहिले. रांगा इतक्या देखण्या होत्या की क्षणभर त्यांनाही बरं वाटलं असावं. मग ते म्हणाले, “पुड्यांचे कागद?”

“टाकले. तेलकट झाले होते.”

गोरक्ष स्टुलावर बसले. “मॅडम, सहादू आठ मिलिमीटरचा प्लंजर करत नाही. तो ह्या बॅरलचा प्लंजर करतो. बॅरल आठला दोन मायक्रॉन जास्त झाली, तर प्लंजर तिच्यापुरता घासतो. सहा जास्त झाली, तर तसा. एकेक माप कितीही भरकटलं तरी आम्हाला त्याचं काही नाही. मधली जागा बरोबर पाहिजे. आणि नंबर आपण तपासणीनंतर कोरतो, हे तुम्हाला माहीत आहे.”

विमलला ते माहीत होतं. आता तिला आणखीही बरंच काही कळलं.

“एकही तुकडा खराब झालेला नाही,” ती हळूच म्हणाली.

“नाही ना! चाळीस प्लंजर आहेत, चाळीस बॅरल आहेत, आणि माल शून्य आहे.” गोरक्ष उठले. “शनिवारी सकाळी गिऱ्हाइकाचा माणूस येणार. शुक्रवारचा भोंगा व्हायच्या आत चाळीसच्या चाळीस जोड्या लावून द्या. नाहीतर शनिवारी तुम्ही इथे थांबा आणि त्याला तुमचा चढता क्रम समजावून सांगा. मला काही ते जमायचं नाही.”

विमल आकड्यांवर विश्वास असलेली मुलगी. तिने वही उघडली, प्रत्येक बॅरलच्या मापातून प्लंजरची मापं वजा केली आणि जिथे अडीच मायक्रॉन उरत होते तिथे जोडी लावली. कागदावर चाळीसही जोड्या जुळल्या. प्रत्यक्षात अकराच. बाकीच्यांत काही प्लंजर तोंडाशीच अडून बसले आणि काही बॅरलमधून टपकन खाली पडले.

कारण शोधायला तिला पाच मिनिटं पुरली, आणि हेच जास्त लागलं. तिच्या उपकरणाची चूक प्लंजरला एक मायक्रॉन, बॅरलला त्याहून थोडी जास्त. नुसत्या हाताच्या उबेने प्लंजर मायक्रॉनभर फुगत होता. दोन मोठी मापं वेगवेगळी घ्यायची, दोन्हीत चुकायचं आणि मग त्यांची वजाबाकी करून इवलासा फरक शोधायचा! प्रथम वर्षाच्या मुलांना ती हेच करू नका म्हणून सांगत असे, जेव्हा वर्षभर कॉलेजात शिकवत होती तेव्हा.

घरी आई, धोंडाबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. लेकीने सगळं सांगितलं. मायक्रॉन वगैरे त्यांनी सोडून दिलं.

“ज्यानं पुड्या बांधल्या त्याला विचार की,” त्या म्हणाल्या.

“ते नामपूरला गेलेत.”

“मग? नामपूर काय चंद्रावर हाय? येईलच की माणूस.”

सहादूमामा गुरुवारी दुपारी आले. मनगटावर हळद, खिशात बुंदीची पुरचुंडी. गेज रूमच्या दारातच त्यांना दोन ट्रे दिसले आणि त्यांच्या तोंडून गावाकडची भाषा निघाली, “हाई काय शे?”

विमलने सांगितलं. काही लपवलं नाही. मामा ऐकत होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या. ते रागावलेत की काय, हे तिला कळेना. मग ते खो खो हसत भिंतीला टेकले.

“चाळीस लग्नं लावून गेलो होतो, ताई! एकाच झटक्यात तुम्ही सगळ्या बायका माहेरी धाडल्या, आन् वर उंचीनं रांगेत उभ्या केल्या!”

“मामा, शनिवारी माझी मुलाखत आहे.”

ते हसायचे थांबले. तिच्या मुलाखतीची बातमी त्यांनीच कारखानाभर केली होती. त्यांनी बुंदीची पुरचुंडी टेबलावर ठेवली, एक मोठा पसरट ट्रे घेतला, त्यात गाळलेलं डिझेल ओतलं आणि जुळलेल्या अकरा जोड्याही सोडवून ऐंशी तुकडे एकेक करून त्यात आडवे ठेवू लागले. तिची रांग मात्र त्यांनी मोडली नाही. तिनेही मदत केली.

“आता?” विमलने विचारलं.

“आता काय नाय. भिजू द्या. उद्या बघू.”

“मामा, उद्या शेवटचा दिवस आहे.”

“मंग काय झालं? एक हातात तापलेला, दुसरा गार. असल्या जोडप्याचं कधी पटलंय का? दोघांचा ताप एकच पाहिजे. मंग थंडी का असंना, ऊन का असंना, दोघं संगं फुगत्याल, संगं आकसत्याल. मधली जागा तेवढीच.”

दोघांना सारखीच लागलेली थरथर वजाबाकीत निघून जाते, हे वाक्य पुण्याच्या मुलाखतीसाठी विमलने इंग्रजीत पाठ केलं होतं. ते असं ट्रेमध्ये पसरून ठेवता येतं, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी साडेसातला दोघांनी सुरुवात केली. मामांची रीत साधी होती. ट्रेमधली बॅरल हातमोज्याने धरायची, ती डिझेलमध्ये असतानाच चिमट्याने प्लंजर तिच्या तोंडाशी द्यायचा, तिरपी धरायची आणि सोडून द्यायचं. प्लंजर स्वतःच्या वजनाने, पोट भरलेल्या म्हशीसारखा सावकाश आत उतरला की जोडी जुळली. किती सावकाश, हे मामांचा अंगठा सांगत असे. विमलने अंगठ्याच्या जोडीला स्टॉपवॉच ठेवलं. पहिल्या दहा जोड्यांनंतर तिच्या लक्षात आलं की मामा ‘बेस्ट’ म्हणतात ते दहा ते पंधरा सेकंदांच्या मध्येच. पंधराच्या जवळ म्हणजे जागा तंग, दहाच्या जवळ म्हणजे सैल.

“मला बी आज कळलं मी किती सेकंदाचा हाय ते,” मामा म्हणाले.

आणि तिची ती रांग, जिच्यापायी हे सगळं घडलं होतं, तिचाही उपयोग होऊ लागला. चाळीस बॅरलना चाळीस प्लंजर लावून बघायचे तर सोळाशे खेपा. पण रांगेत समोरासमोरचे पाच-सहाच प्लंजर तपासावे लागत होते. तिचं माप ओबडधोबड होतं, तरी ते मोहल्ला सांगत होतं. घर कोणतं ते मामांचा अंगठा सांगत होता.

अकराच्या सुमारास वीस जोड्या लागल्या होत्या. नव्या पुड्यांच्या कागदावर या वेळी विमल पेन्सिलीने नंबर घालत होती.

“ताई, पुण्याला काय काम हाय तुमचं? उजेडाचं हाय म्हणं.” मामांनी विचारलं.

“ह्याच्यासारखंच आहे थोडंफार. समजा, एका स्फटिकातून उजेडाच्या दोन शलाका एकदम बाहेर पडल्या. प्रत्येक शलाकेला दोन प्रश्न विचारता येतात. पण एकाचं उत्तर नेमकं मिळवायला गेलं की दुसऱ्याचं सैल पडतं. उशी एका अंगाने दाबली की दुसऱ्या अंगाने फुगते तशी. हा निसर्गाचा नियमच आहे. यंत्र कितीही चांगलं आणा.”

“बरं.”

“आता ह्या दोघींतली कुठलीही एक शलाका एकटी घेतली, तर दोन्ही प्रश्नांची उत्तरं नुसती वेडीवाकडी. काहीच्या बाही. पण पहिला प्रश्न दोघींना विचारला, तर दोघींची उत्तरं सारखी. वजाबाकी जवळजवळ शून्य. आणि दुसरा विचारला, तर एकीचं जेवढं वर तेवढंच दुसरीचं खाली. बेरीज जवळजवळ शून्य.”

मामांनी प्लंजर सोडला. विमलने स्टॉपवॉचचं बटण दाबलं. तेरा सेकंद. पुडी.

“त्यात काय?” मामा म्हणाले. “आधी ठरवून आल्या असतील. माझ्या दोन भाच्या मार खायच्या वेळी अश्याच एकसारखं बोलायच्या.”

विमल स्टॉपवॉच ठेवून टाळीच द्यायला निघाली होती. हातमोजे तेलकट होते म्हणून थांबली. “अगदी हेच मोठमोठ्या लोकांनी म्हटलं होतं, मामा, पन्नास वर्षांपूर्वी! पण ठरवून यायचं म्हणजे दोन्ही प्रश्नांची नेमकी उत्तरं प्रत्येकीच्या खिशात आधीपासून पाहिजेत. आणि उशीचा नियम सांगतो की एकटीच्या खिशात दोन्ही नेमकी उत्तरं मावतच नाहीत. एकटीकडे नाहीत, दुसरीकडेही नाहीत. दोघी मिळून मात्र आहेत. ह्याला आम्ही गुंतलेली जोडी म्हणतो.”

“आन् ह्याचा उपयोग?”

“फार बारीक हालचाल मोजता येते. एकट्या शलाकेच्या थरथरीत ती हालचाल बुडून जाते. जोडीने मोजलं की थरथर जाते आणि हालचाल तेवढी उरते.”

मामा जरा वेळ मिशी कुरवाळत राहिले. “म्हणजे एकेकटी भंगार, जोडीनं सोनं.”

“हो!”

“आमच्या भावकीत उलटं हाय. एकेकटा माणूस सोन्यासारखा, आन् जोडीनं बसला की...” त्यांनी उरलेलं वाक्य डिझेलमध्ये बुडवलं.

“अजून असं कुणी नीट करून दाखवलेलं नाही,” विमल म्हणाली. “उशी दाबायचं काम परदेशात जमलंय, दोनेक वर्षं झाली. ही जोडी अजून कागदावरच आहे. मला तिच्यावर काम करायचंय.”

“मंग हात चालवा,” मामा म्हणाले.

तीन वाजता एकोणचाळीस जोड्या लागल्या. चाळिसावी बॅरल मामांनी उचलली, शेवटचा प्लंजर तोंडाशी धरला आणि सोडला. तो हलला नाही. फिरवून पाहिला, उलटी बाजू लावून पाहिली. नाही म्हणजे नाही. तोंडात अडकलेल्या सुपारीसारखा तो बसून राहिला.

“हा हिचा नाही,” मामा म्हणाले.

“पण दुसरा कुणी शिल्लकच नाही.”

“म्हणजे कुणीतरी परक्याच्या घरात सुखानं नांदतोय.”

दोघेही एकोणचाळीस पुड्यांकडे बघू लागले. पुन्हा सगळ्या सोडायच्या तर दिवस पुरणार नव्हता. बाहेर बुधा शिपाई काचेला नाक लावून उभा होता. गोरक्षांनी बातमी आणायला पाठवलेला. विमलने त्याला हातानेच ‘जा’ म्हटलं आणि वही ओढली.

वहीत प्रत्येक जोडीचे सेकंद होते. ती बोट फिरवत वाचू लागली. बारा, चौदा, तेरा, दहा. ती थांबली. दहा, साडेदहा. पुढे पुन्हा दहा.

“मामा, ह्या चार जोड्या सैल आहेत. चालतील एवढ्याच, पण सैल. आणि चारही रांगेत ह्या अडलेल्याच्या जवळ आहेत.”

“मंग?”

“ह्या अडलेल्याला पहिल्या सैल घरात घालायचा. तिथला निघेल तो किंचित बारीक असेल, त्याला दुसऱ्यात. दुसऱ्यातला तिसऱ्यात, तिसऱ्यातला चौथ्यात. चौथ्यातला सगळ्यांत बारीक निघेल. त्याला ही रिकामी बॅरल.”

“चार संसार मोडायचे?”

“मोडायचे नाहीत. एकेक घर पुढे सरकायचं.”

मामांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही, आणि पहिली पुडी सोडली. पाच खेपा. पहिला प्लंजर पंधरा सेकंदांत उतरला. तंग, पण उतरला. दुसरा चौदा. तिसरा चौदा. चौथा मामांनी दोनदा पुसून, पुन्हा भिजवून सोडला: तेरा. शेवटचा त्या रिकाम्या बॅरलच्या तोंडाशी धरला तेव्हा विमलने स्टॉपवॉचकडे पाहायचंच सोडून दिलं होतं. प्लंजर जरासा थबकला, मग खाली निघाला.

“मोजा की!” मामा ओरडले.

“राहिलं!”

“बारा,” मामा म्हणाले. “माझ्या अंगठ्यानं सांगतो. लिहा.”

“अंगठ्याचं लिहिता येत नाही,” ती म्हणाली आणि पुन्हा सोडायला लावला. बारा आणि एक दशांश. मामांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने वहीत नुसते बारा लिहिले.

साडेचारला गोरक्ष आले. त्यांनी ढिगातून वाटेल त्या सहा पुड्या उचलल्या, स्वतः सोडून पाहिल्या, सहाही जोड्यांना मान डोलावली. सातवी उचलता उचलता त्यांचं लक्ष पेन्सिलीच्या नंबरांकडे गेलं.

“हे कोणी घातले?”

“मी,” विमल म्हणाली.

“पंधरा वर्षांत सहादूला हे सुचलं नाही.”

“पंधरा वर्षांत कुणी माझ्या पुड्या सोडल्या नव्हत्या,” मामा म्हणाले.

गोरक्षांनी रजेचा कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला. सहीचा. बुधवारपासून तो खिशातच असावा. घामाने मऊ झाला होता.

शनिवारी पहाटेच्या एस.टी.ने विमल पुण्याला गेली. मुलाखतीला समोर तिघे होते. पहिल्या दोघांनी समीकरणं विचारली. तिने फळ्यावर लिहिली, बारीक अक्षरात, ओळीत. तिसरे गृहस्थ वयाने मोठे. ते इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी विचारलं, “तुम्ही सध्या काय मोजता?”

तिने आठवडाभराची गोष्ट सांगितली. पुड्या, चढता क्रम, चाळीस लग्नं, सगळं. समीकरणवाले दोघे हसून हसून लाल झाले. मोठे गृहस्थ हसले नाहीत.

“मग तुमच्या प्लंजर-बॅरलच्या जोडीत आणि गुंतलेल्या शलाकांच्या जोडीत फरक काय?”

“आमच्या प्लंजरला माप होतं, सर. मी मोजलं नसतं तरी होतं. सहादूमामांनी ते घासून ठेवलं होतं. आणि एकच गोष्ट जुळवायची होती, मधली जागा. शलाकांत दोन गोष्टी जुळतात, आणि त्या दोन्ही मिळून एकेकीजवळ आधीपासून असूच शकत नाहीत. म्हणून आमची जोडी मला पुन्हा लावता आली. शलाकांची मोडली असती तर नसती आली.”

“आणि सारखेपणा?”

हे उत्तर विमलने पाठ केलेलं नव्हतं. “मी पुड्या सोडल्या तेव्हा एकही तुकडा हरवला नाही. कुणाचा मायक्रॉनसुद्धा झिजला नाही. प्रत्येकाचं माप माझ्या वहीत होतं. तरी माल शून्य झाला. जे गेलं ते कुठल्याच तुकड्यात नव्हतं, सर. ते दोघांच्या मधे होतं. शलाकांचंही एवढं तसंच आहे.”

मोठ्या गृहस्थांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, मग चष्मा काढला.

“तुमच्या हातून अशी चूक पुन्हा होईल का?”

“ही नाही होणार,” विमल म्हणाली. थोडा विचार करून, कारण प्रश्न सरळ होता, तिने पुढे जोडलं, “दुसरी होईल.”

आता तेही हसले.

“रुजू कधी होऊ शकाल?”

“महिन्याची नोटीस द्यावी लागते, सर.”

“मग महिन्याने या,” ते म्हणाले. “आणि आमच्या प्रयोगशाळेत काहीही चढत्या क्रमाने लावायच्या आधी कुणालातरी विचारत जा.”